जीर्णोद्धार की खाडाखोड? : एका बेंटलीच्या निमित्ताने

साहित्याच्या वर्गांतून आणि चर्चासत्रांतून थीसियसच्या जहाजाचा दृष्टान्त आताशा फार सोयीने वापरला जातो. एकेक कुजलेली फळी काढून नवी बसवीत गेले आणि अखेर एकही जुनी फळी उरली नाही, तर ते जहाज तेच म्हणायचे का, असा प्रश्न टाकायचा. विद्यार्थी गोंधळला की हळूच सांगायचे, की ‘मूळ’ नावाची वस्तू नसतेच, असतात त्या केवळ आवृत्त्या. संहिता, पाठ, अस्सलपणा हे सारे प्रश्न मग एका फटक्यात निकालात निघतात. या दृष्टान्ताची खरी सोय अशी, की ते जहाज आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही. त्याच्या फळ्यांची यादी उपलब्ध नाही आणि ते दुरुस्त करणाऱ्या सुताराला साक्षीला बोलावता येत नाही.

हाच प्रश्न एका खऱ्याखुऱ्या वस्तूबद्दल, इंग्लंडच्या उच्च न्यायालयात, १९९० साली, सुट्या भागांच्या यादीसह विचारला गेला, आणि त्याचे उत्तरही दिले गेले. ती वस्तू म्हणजे ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध असलेली बेंटली स्पीड सिक्स ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार. पाठचिकित्सा शिकविणाऱ्यांनी त्या जहाजाला आता विश्रांती द्यावी आणि या मोटारीकडे पाहावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच नाही. माझे म्हणणे अधिक भांडखोर आहे. जुनी मोटार पुन्हा उभी करणे हे आधी संपादकाचे काम आहे, मग कारागिराचे. आणि आज जीर्णोद्धार म्हणून ज्या कामाला बक्षिसे आणि किंमत मिळते, त्यातले पुष्कळसे काम म्हणजे वाईट संपादन आहे. ‘कारखान्यातून निघाली तशी मूळ करून देतो’ म्हणणारा जीर्णोद्धारक आणि ‘मूळ असे काही नसतेच’ म्हणणारा समीक्षक एकमेकांचे विरोधक वाटतात खरे. पण मधल्या काळाचा हिशेब ठेवायचा नाही, या एका बाबतीत दोघांचे पूर्ण एकमत आहे.

आधी मोटारीची हकीकत. १९२९ साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत या गाडीने जिंकली. चालक होते वुल्फ बार्नाटो आणि सर हेन्री बर्किन. १९३० साली तीच शर्यत तिने पुन्हा जिंकली. या वेळी बार्नाटोच्या जोडीला ग्लेन किडस्टन होता. बार्नाटो हा नुसता चालक नव्हे, तर बेंटली कंपनीचा अध्यक्ष आणि तिला पैसा पुरविणारा धनी. १९३१ साली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसच्या हाती गेली. तरीही ही गाडी थांबली नाही. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीसाठी ती जवळजवळ नव्याने बांधली गेली : तिला वेगळी चासी मिळाली आणि आठ लिटरचे इंजिन मिळाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पाचशे मैलांच्या शर्यतीत क्लाइव्ह डनफी हा चालक ती चालवीत असताना गाडी धावपट्टीच्या उतरत्या बांधाच्या माथ्यावरून बाहेर फेकली गेली आणि डनफी मृत्यू पावला. पुढे त्याच अवशेषांवर बंद टपाची, रस्त्यावर चालविण्याजोगी कूपे उभी राहिली. पुष्कळ वर्षांनी, एड हबर्ड यांच्याकडे असताना, शर्यतीच्या दिवसांची आठवण देणारे उघडे रूप तिला पुन्हा देण्यात आले.

१९९० च्या एप्रिल महिन्यात हबर्ड यांनी ही गाडी मिडलब्रिज सिमिटर या कंपनीला विकण्याचा सौदा केला. रक्कम सुमारे १ कोटी पौंड. नंतर खरेदीदाराने हात आखडता घेतला. ही ती गाडीच नव्हे, असे त्याचे म्हणणे पडले. प्रकरण न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे आले.

न्यायमूर्तींनी जे केले ते पाठसंपादकाला शोभेल असे होते. त्यांनी गाडीचे थर वेगळे केले. १९२९ च्या गाडीचे आज काय उरले आहे? काळ ठरविताच येणार नाही अशा किरकोळ जोडण्या वगळता काही नाही. १९३० च्या गाडीचे? पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा खांब. १९३२ च्या गाडीचे मात्र पुष्कळ : चासी, आठ लिटरचे इंजिन, पुढचा आस, स्प्रिंगा, मागचे ब्रेक इत्यादी. म्हणजे ज्या दोन विजयांमुळे या गाडीला किंमत आहे, त्या विजयांत भाग घेतलेले लोखंड मूठभर. ज्या अपघातात माणूस मेला त्यातले लोखंड मात्र भरपूर.

हे सारे मान्य करून न्यायालयाने निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. त्यामागची शब्दयोजना आपल्या कामाची आहे. ‘मूळ’ हे विशेषण या गाडीला लावता येणार नाही, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट केले. १९३२ साली ती कार्यशाळेतून बाहेर पडली त्या दिवशीही लावता आले नसते. परंतु ती ‘अस्सल’ आहे. कारण बदल इतक्या सावकाश आणि इतक्या सलग रीतीने होत गेले, की कोणत्याही एका टप्प्यावर तिची ओळख तुटली नाही. त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी अस्तित्वात नाही आणि कधी नव्हती. आणि विकले जात होते ते निव्वळ धातूचे वजन नव्हे, तर एक इतिहास आणि एक कीर्तीही.

मराठीत आपण ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हे शब्द बेफिकिरीने एकमेकांच्या जागी वापरतो. या निकालाने त्यांच्यात जी रेघ ओढली, ती ओढण्याची तसदी आपल्या समीक्षेने क्वचितच घेतली आहे. ‘मूळ’ हा घटकांविषयीचा दावा आहे : हा पत्रा, हा नट, हा शब्द त्या दिवशी तेथे होता. ‘अस्सल’ हा परंपरेविषयीचा दावा आहे : त्या दिवसापासून या दिवसापर्यंत येणारी वाट मध्येच कोठे गायब होत नाही. पहिला दावा खोटा ठरला म्हणून दुसरा आपोआप कोसळत नाही. ‘मूळ नाही, म्हणून सगळ्याच आवृत्त्या सारख्या’ असे म्हणणारे नेमकी हीच उडी मारतात. आणि दुसरा दावा पुराव्याने सिद्ध करावा लागतो. ‘ओल्ड नंबर वन’च्या बाबतीत तो सिद्ध झाला, कारण कोणता भाग कोणत्या साली आला हे कागदपत्रे, छायाचित्रे आणि जाणकारांच्या साक्षी यांच्या आधारे सांगता आले. सांधे दिसत होते म्हणून सलगपणा सिद्ध झाला. सांधे बेमालूम बुजविले असते, तर न्यायालयापुढे केवळ एक देखणी हिरवी मोटार उरली असती.

आता जीर्णोद्धाराच्या धंद्याकडे वळू. दोन विजयांची लखलखीत आठवण या गाडीच्या अंगावर आहे. अपघात तिच्या हाडांत आहे, पण तो पाहणाऱ्याला दिसत नाही. तिच्या सर्व रूपांत मधली कूपे हीच सर्वांत गैरसोयीची. तिला शर्यत नाही, विजय नाही, मृत्यूही नाही. मालकाला अवशेषांतून एक चालती गाडी हवी होती, एवढेच तिचे कारण. जीर्णोद्धाराने प्रथम तिलाच नाहीसे केले. जो काळ विकला जात नाही तो पुसायचा, हा या धंद्याचा अलिखित नियम आहे.

हा नियम कोट्यवधींच्या गाड्यांपुरता नाही. सर्वसाधारण पगारदाराला परवडणारी ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हणजे एमजीबी. १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. १९७४ च्या अखेरीपासून अमेरिकेतील नियमांमुळे तिच्या चकचकीत क्रोमच्या बंपरांची जागा जाड काळ्या बंपरांनी घेतली आणि गाडीची उंची वाढविण्यात आली. रसिक हळहळले. गाडी कुरूप झाली, वळणावर अधिक झुकू लागली. हे खरेही आहे. म्हणून पुढच्या कित्येक मालकांनी जीर्णोद्धार करताना काळे बंपर उपटून क्रोमचे बसविले आणि गाडी पुन्हा बसकी केली. १९७८ साली बनलेली गाडी आता १९७० ची दिसते. याला काय म्हणावे? ते काळे बंपर कोणा मागाहूनच्या अडाण्याने घुसडलेले प्रक्षेप नव्हते. ते कारखान्याचेच, म्हणजे लेखकाच्याच हातचे होते. परदेशी बाजारावर विसंबलेल्या, कायद्यापुढे वाकलेल्या आणि नवी गाडी घडविण्याइतका पैसा न उरलेल्या ब्रिटिश मोटारउद्योगाची ती स्वाक्षरी होती. एखाद्या कवीच्या उतारवयातील सुमार ओळी काढून तेथे त्याच्याच तारुण्यातील ओळी बसवाव्यात आणि त्या संग्रहाला ‘समग्र’ म्हणावे, तसा हा प्रकार.

एमजीबीला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत शिरते आणि पत्रा आतून बाहेर कुजत जातो. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने कारखान्याच्या जुन्या साच्यांवर काढलेली कोरी बॉडी विकण्यास सुरुवात केली. इंजिन, गिअरबॉक्स, आस आणि नोंदणीक्रमांक या कोऱ्या सांगाड्यावर चढविले, की गाडी ‘तीच’. येथे मला ब्रिटनच्या वाहननोंदणी खात्याचे कौतुक वाटते. फेरबांधणी केलेल्या गाडीची ओळख ठरविण्यासाठी या खात्याने वर्षानुवर्षे गुण देण्याची पद्धत वापरली : सांगाड्याला ५ गुण; सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २; इंजिनाला फक्त १. जुना क्रमांक टिकविण्यास किमान ८ गुण लागत. सांगाडा नवा असेल, तर तो निर्मात्याकडूनच आल्याची पावती दाखवावी लागे. गाडीचे हृदय समजल्या जाणाऱ्या इंजिनाला एकच गुण देणारा हा कारकुनी सिद्धान्त कोणाला हास्यास्पद वाटेल. पण त्या कारकुनाने पावती मागितली. आमच्या समीक्षकांनी ती कधी मागितली नाही.

याच्या वरच्या पायरीवर स्वतः निर्माताच उभा आहे. १९५७ च्या फेब्रुवारीत कॉव्हेंट्रीतील जॅग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली आणि एक्सकेएसएस या गाडीच्या नऊ प्रती जळून गेल्या. पुऱ्या झाल्या त्या फक्त सोळा. २०१६ साली कंपनीने जाहीर केले, की त्या नऊ गाड्या आम्ही आता बांधणार आहोत. १९६३ मध्ये हलक्या बांधणीच्या ई-टाइपसाठी अठरा क्रमांक राखून ठेवले होते, प्रत्यक्षात बाराच गाड्या बनल्या. उरलेल्या सहांची उभारणी कंपनीने २०१४ मध्ये हाती घेतली होतीच. या गाड्यांविषयी माझी तक्रार सौम्य आहे. कंपनी त्यांना पुढच्या मालिकेतील गाड्या म्हणते, जुन्या म्हणत नाही, लबाडी नाही. तरी एक प्रश्न उरतो. जळालेली पाने प्रकाशकाने साठ वर्षांनी स्वतःच लिहून पुरी केली, तर जे भरून निघाले ते ग्रंथाचे नुकसान, की प्रकाशकाच्या यादीतील रिकामी जागा? आगसुद्धा त्या गाडीच्या इतिहासाचेच एक प्रकरण आहे.

हा वाद नवा नाही, आणि त्याची सुरुवात मोटारींपासून झालेली नाही. १८४९ साली जॉन रस्किन यांनी वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात इमारतींच्या जीर्णोद्धाराला असत्य ठरविले. १८७७ साली विल्यम मॉरिस यांनी प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती जीर्णोद्धारकांपासून वास्तू वाचविण्यासाठी; खरवडून साफ करण्याला विरोध म्हणून तिचे टोपणनावही ‘खरवड-विरोधी’ अशा अर्थाचे पडले. पलीकडे फ्रान्समध्ये व्हायोले-ल-द्यूक यांची व्याख्या उलट होती : जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला अशा पूर्णावस्थेत आणणे, जी कदाचित कोणत्याही एका काळी अस्तित्वात नव्हती. आजच्या स्पर्धांतून पहिले बक्षीस मिळविणारी ई-टाइप ही व्हायोले-ल-द्यूक यांची लेक आहे. तिच्या दारांच्या फटी अशा काटेकोर, तिचा रंग असा आरशासारखा, की १९६१ साली कारखान्यातून बाहेर पडतानाही ती अशी नव्हती. तिच्यात चुका नाहीत, म्हणजे मजुराचा हात नाही. ओरखडे नाहीत, म्हणजे मालक नाहीत. ती भूतकाळातून आलेली नाही, भूतकाळाविषयीच्या एका इच्छेतून आलेली आहे. या चकचकाटाला कंटाळलेला एक पंथ इंग्लंडातच आहे. गाडी चालती ठेवायची, तेलकट फडक्याने पुसायची आणि बाकी तिच्या वाटेला जायचे नाही, एवढाच त्याचा धर्म. त्यांच्या गाड्यांना बक्षिसे कमी मिळत असतील, पण वाचायला काही मिळते ते तेथेच.

यावर आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे. ग्रंथाला ब्रेक लावावे लागत नाहीत. मोटारीला लावावे लागतात. गंज काही इतिहास म्हणून आदराने थबकत नाही, तो पत्रा खातच राहतो. शंभर वर्षांपूर्वीचे टायर घालून रस्त्यावर उतरणे ही चिकित्सा नव्हे, आत्महत्या आहे. हे सारे मान्य. मी बदलाविरुद्ध बोलत नाही. ‘ओल्ड नंबर वन’ तर बदलांचीच बनलेली आहे. माझे भांडण मूक बदलाशी आहे. भाग बदला, पण बदलल्याची तारीख त्यावर कोरा. जुना तुकडा भंगारात न टाकता खोक्यात ठेवा. काम करण्यापूर्वीची छायाचित्रे गाडीबरोबर पुढच्या मालकाच्या स्वाधीन करा. आणि जेथे पुरावा संपून अंदाज सुरू होतो, तेथे हात थांबवा. ही शेवटची अट माझी नव्हे. वास्तूंसाठी ती १९६४ च्या व्हेनिस सनदेने घातली आहे. सर्व काळांनी घातलेली भर मानावी, एकाच शैलीचे ऐक्य साधणे हे उद्दिष्ट नव्हे, हेही त्याच सनदेने सांगितले आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने तिच्या धर्तीवर ट्युरिनची सनद तयार केली, तीच मुळी गेल्या दशकात. म्हणजे नियम आहेत. बाजार त्यांना विचारीत नाही, इतकेच.

दुसरा आक्षेप मालकीचा. गाडी माझी, पैसा माझा, मी तिला गुलाबी रंग देईन. जरूर द्या. मात्र मग तिला ‘जीर्णोद्धारित’ म्हणू नका, ‘गुलाबी रंगविलेली’ म्हणा. एवढ्यानेही माझे समाधान होईल.

आता आपल्या घरात येऊ. कारण हे भांडण मी इंग्लंडातील गॅरेजमालकांशी मराठीत करीत आहे, ते काही त्यांच्या भल्यासाठी नव्हे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वि. स. सुखटणकर यांनी तिला जी शिस्त घालून दिली, तीत एक साधी खूण आहे. जेथे स्वीकारलेला पाठ पुरेसा निश्चित नाही, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. आणि पानाच्या तळाशी नाकारलेले पाठभेद कोणत्या पोथीत आहेत ते नोंदविलेले आहे. हा संपादक मूळ महाभारत सापडल्याचा दावा करीत नाही. सगळेच पाठ सारखे आहेत, असेही म्हणत नाही. तो निर्णय घेतो आणि तो निर्णय उलटविण्याची हत्यारे वाचकाच्या हाती ठेवतो. चांगल्या जीर्णोद्धाराची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही.

हा वारसा असलेल्या भाषेत आपण जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या कशा काढतो? १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. नव्या लेखनापुरता तो निर्णय योग्य होता. परंतु एकोणिसाव्या शतकातील गद्य छापतानाही ते अनुस्वार झाडून टाकलेले आढळतात, जुनी रूपे नव्या वळणावर आणलेली आढळतात, परिच्छेद सोयीने तोडलेले आढळतात. आणि हे केल्याची एक ओळसुद्धा प्रस्तावनेत नसते. एमजीबीवाल्याने नवी गाडी जुनी दाखविली, आपण जुनी संहिता नवी करतो. दिशा उलट, खाडाखोड तीच. अशा आवृत्तीवरून एखादा विद्यार्थी त्या काळच्या भाषेविषयी प्रबंध लिहितो, तेव्हा तो ज्या रूपांचे विश्लेषण करतो ती लेखकाची नसून एखाद्या अनामिक मुद्रितशोधकाची असतात. त्याला तसे कळण्याचा मार्गच ठेवलेला नसतो. आणि त्याने शंका काढलीच, तर ‘मूळ संहिता ही एक मिथ्या कल्पना आहे’ असे सांगून त्याला वाटेला लावणारा मार्गदर्शक तयार असतो. सिद्धान्ताने आळसाला दिलेले हे प्रमाणपत्र फाडून टाकण्याची वेळ आली आहे.

‘ओल्ड नंबर वन’चा खटला उभा राहिला तो १ कोटी पौंड पणाला लागले होते म्हणून. आपल्या जुन्या ग्रंथांसाठी कोणी कोटीचा सौदा करणार नाही आणि कोणते न्यायालय त्यांचे थर मोजीत बसणार नाही. ते काम वर्गात शिकविणाऱ्यांचे आणि शिकणाऱ्यांचे आहे. एखाद्या जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती हाती आली, की तिच्या मुखपृष्ठाची चकाकी पाहण्याआधी एवढेच विचारावे : येथे काय बदलले, कोणी बदलले, आणि जुना तुकडा कोठे ठेवला आहे? उत्तर मिळाले नाही, तर ती आवृत्ती अभ्यासक्रमास लावू नये.